आधी भूगर्भाचा नकाशा, मग पुनर्भरणाचे कालवे

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोऱ्यातील मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्याचा वापर, त्यापैकी १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला आणि सुमारे १९,२४४ कोटी रुपयांचा खर्च, अशी या प्रकल्पाची जाहीर झालेली रूपरेषा आहे. खारिया गुटीघाट येथे तापीचे पाणी वळवायचे, ते सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यांतून न्यायचे आणि पायथ्याशी साचलेल्या जाड्याभरड्या गाळात मुरू द्यायचे, ही त्यामागची कल्पना. खानदेशात ती कित्येक वर्षे मांडली जात आहे, आणि कल्पना म्हणून ती मला पटते. उघड्या जलाशयातल्या पाण्याची वाफ होते आणि त्याखाली गावे बुडतात. जमिनीत साठवलेल्या पाण्याबाबत हे दोन्ही तोटे फार कमी असतात. परंतु एवढे पाणी जमिनीत सोडण्यापूर्वी ती जमीन आतून कशी आहे, हे संपूर्ण खोऱ्यात भूभौतिकीय सर्वेक्षणाने, म्हणजे न खोदता वरून मोजणी करून आतले थर ओळखण्याच्या पद्धतीने, पाहून घेतले पाहिजे आणि जे दिसेल ते प्रत्येक ग्रामपंचायतीला उपलब्ध झाले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. कालव्याची आखणी या नकाशावरून व्हावी. आखणी झाल्यावर तिला आधार म्हणून नकाशा काढण्यात काही अर्थ नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. त्या पाषाणात पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरुमात. आपले भूजलविषयक अनुभव, आपले आडाखे आणि बऱ्याच अंशी आपले नियमही या पाषाणावरच घडलेले आहेत. तापी-पूर्णेचे खोरे याला मोठा अपवाद आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग यांच्यामधली जमीन प्रस्तरभंगांलगत, म्हणजे खडकातल्या मोठ्या तुटींलगत, खचत गेली आणि डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी ती खोलगट जागा गोटे, वाळू, गाळमाती आणि चिकणमाती यांनी भरून काढली. हा गाळ काही ठिकाणी ३०० मीटरांहून अधिक जाडीचा आहे. धुळे-जळगावपासून बुलढाणा, अकोला, अमरावतीपर्यंत पसरलेला हा गाळाचा प्रदेश महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे ५ टक्केच भरतो, पण पाणी साठवण्याची त्याची क्षमता पाषाणाच्या तुलनेत कितीतरी मोठी आहे.

या क्षमतेचा अंदाज भूजलसाठ्याचे आकलन करणाऱ्या केंद्रीय समितीच्या मानकांवरून येतो. झिजलेल्या किंवा सांधेयुक्त काळ्या पाषाणासाठी विशिष्ट उत्पन्न, म्हणजे थराच्या आकारमानापैकी त्यातून निघू शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण, २ टक्के धरले जाते, चिकण गाळासाठी ६, पोयट्याच्या गाळासाठी १० आणि वाळूच्या गाळासाठी १६ टक्के. म्हणजे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात पाण्याची पातळी १० मीटरने वर आली, तर वाळूच्या थरात १६ लाख घनमीटर पाणी साठते, चिकण थरात ६ लाख आणि पाषाणात जेमतेम २ लाख. जमिनीच्या वर उभे राहून पाहिले तर रावेरचे शेत आणि शेगावजवळचे शेत दोन्ही सारखेच सपाट आणि काळेभोर दिसते. खाली वाळू किती आणि चिकणमाती किती, याचे प्रमाण गावागणिक बदलते आणि त्या प्रमाणावर सोडलेले पाणी किती मुरणार, कोठे जाणार आणि कोणाच्या ट्यूबवेलमधून वर येणार, हे सर्व ठरते.

खोऱ्याच्या दोन बाजूंच्या समस्या परस्परविरुद्ध आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. यावल आणि रावेर हे केळीचे तालुके वर्षानुवर्षे भूजलाच्या अतिशोषणासाठी ओळखले जातात. तिथे पाणी गोड आहे, पण ते खाली खाली चालले आहे. दरवर्षी कोणी पाइप वाढवतो, कोणी मोठी मोटर सोडतो आणि ज्याला ते परवडत नाही त्याची बाग जाते. पूर्वेला पूर्णेच्या काठाने अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. तिथे पाणी हाताशी असूनही पिण्याच्या किंवा ओलिताच्या कामाचे नाही. अकोट-तेल्हारा भागातल्या गावांना वान धरणाच्या पाण्यावरची ८४ खेडी योजना लागली, ती यामुळेच. एकाच गाळाच्या खोऱ्यात एकीकडे गोडे पाणी आटत आहे आणि दुसरीकडे खारे पाणी साचून आहे. या दोहोंची सीमा जमिनीखाली नेमकी कोठून जाते, ती किती खोलीवर आहे, आणि गोड्या पाण्याचा उपसा वाढला किंवा पुनर्भरणाने दाब बदलला तर ती कोणीकडे सरकेल, हे प्रश्न पुनर्भरणाच्या कोणत्याही आराखड्याच्या मुळाशी आहेत.

या प्रश्नांची उत्तरे केवळ विहिरी मोजून मिळत नाहीत. विहीर तिच्या जागेपुरतेच सांगते. दोन विहिरींमधल्या चार-पाच किलोमीटरांत वाळूचा थर संपला की सलग राहिला, हे तिला माहीत नसते. भूभौतिकीय सर्वेक्षण ही मधली जागा भरून काढते. जमिनीत दोन खुंट्यांमधून वीजप्रवाह सोडून आणखी दोन खुंट्यांमधला विभवांतर मोजायचा आणि खुंट्यांमधले अंतर वाढवत नेऊन अधिकाधिक खोलीचा विद्युत्-रोध काढायचा, ही पद्धत फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांतून विकसित झाली. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ती अनेक दशके वापरत आहे. गोड्या पाण्याने भरलेली वाळू साधारणपणे वीस, तीस, पन्नास ओहम-मीटर असा रोध दाखवते. चिकणमाती दहाच्या आसपास किंवा त्याखाली. खाऱ्या पाण्याने भिजलेला थर पाचच्याही खाली जातो. आणि घट्ट काळा पाषाण शंभरच्या पुढे. या फरकांतून जमिनीच्या आतल्या थरांचे चित्र उभे राहते.

गेल्या दोन-तीन दशकांत हे काम हवेतूनही करता येऊ लागले आहे. हेलिकॉप्टरखाली तारेचे मोठे वेटोळे टांगलेले असते आणि ते जमिनीपासून साधारण ३० ते ४० मीटर उंचीवरून पुढे नेले जाते. वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी बंद केला की जमिनीत क्षणभर प्रवाह निर्माण होतात आणि विरत जातात. ते किती वेगाने विरतात यावरून खालच्या थरांचा रोध कळतो. अनुकूल जमिनीत ३०० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीपर्यंतचे चित्र यातून मिळते आणि माणसे खुंट्या घेऊन जे महिनोन्महिने करतील, ते काही दिवसांत होते. तापी-पूर्णेच्या गाळाची जाडी पाहता ही पद्धत या खोऱ्याला विशेष अनुरूप आहे.

तरीही या सर्वेक्षणाकडून भलत्या अपेक्षा करणे चुकीचे ठरेल, आणि त्याचा आग्रह धरणाऱ्यांनीच ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे. यंत्र पाणी मोजत नाही. ते रोध मोजते. पूर्णेच्या पट्ट्यात एखाद्या थराचा रोध चार ओहम-मीटर आला, तर तो थर खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू असू शकतो किंवा बऱ्यापैकी पाणी असलेली, पण पाणी न सोडणारी चिकणमाती असू शकते. पहिल्या ठिकाणी पुनर्भरण केले तर सोडलेले गोडे पाणी खाऱ्यात मिसळून वाया जाण्याची भीती आहे. दुसऱ्या ठिकाणी पाणी मुळात शिरणारच नाही. दोन्हींची आकृती मात्र एकाच रंगात दिसते. हा गुंता सोडवायचा तर निवडक जागी शोधविंधन घ्यावी लागते, विवरात उपकरण उतरवून थरागणिक नोंद करावी लागते, पाण्याचे नमुने तपासून त्याची विद्युत्-वाहकता जुळवून पाहावी लागते, आणि चुंबकीय अनुनादावर आधारलेली, पाण्याचाच थेट शोध घेणारी पद्धत मोक्याच्या ठिकाणी वापरावी लागते. केळीच्या पट्ट्यातल्या शेतीपंपांच्या वीजवाहिन्यांचे दाट जाळे हवाई मोजणीत गोंगाट निर्माण करते. वाहिन्यांलगतची मोजणी काढूनच टाकावी लागते आणि ती उणीव जमिनीवरच्या मोजणीने भरून काढावी लागते. भूभौतिकी, भूशास्त्र आणि रसायन या तिघांनी एकत्र बसून काढलेला नकाशाच विश्वासार्ह असतो. हे सारे करूनही काही जागी संदिग्धता उरेल, आणि ती नकाशावर संदिग्धता म्हणूनच दाखवली पाहिजे.

आकाशातून पाण्याचे वजन मोजणाऱ्या उपग्रहांची मदत इथे फारशी होत नाही. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने वायव्य भारतातली भूजलाची घट जगासमोर आणली, हे खरे; पण अशा उपग्रहांची नजर लाख-दोन लाख चौरस किलोमीटरांच्या प्रदेशावर ठरते. रावेर तालुका तिला दिसत नाही.

एक आक्षेप असा घेतला जाईल की हे काम झालेलेच आहे. केंद्रीय भूजल मंडळाने राष्ट्रीय जलधर (जमिनीखालचे पाणी धरणारे थर) नकाशीकरण कार्यक्रमाखाली २०१२ पासून देशातले सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मार्च २०२३ पर्यंत पूर्ण केले आणि महाराष्ट्र त्यात आहे. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. मात्र ते मुख्यतः १:५०,००० या प्रमाणावरचे आहे. त्यात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. जिल्ह्याचे धोरण ठरवायला हे पुरेसे आहे, पण पुनर्भरण शाफ्ट, म्हणजे पाणी खालच्या थरात उतरवणारे उभे विवर, नाल्याच्या या काठावर घ्यायचा की त्या काठावर, हे त्यावरून ठरत नाही. सूक्ष्म काम कसे होऊ शकते, याचा नमुनाही याच देशात आहे. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, केंद्रीय भूजल मंडळ आणि डेन्मार्कचे आऱ्हूस विद्यापीठ यांनी मिळून सहा ठिकाणी हवाई सर्वेक्षणाचा पथदर्शी प्रकल्प केला होता. त्यातले एक ठिकाण नागपूर जिल्ह्यातले चंद्रभागा पाणलोट क्षेत्र होते. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी जोधपूरहून शुष्क प्रदेशांच्या हवाई सर्वेक्षणाला आरंभ झाला आणि पहिल्या टप्प्यात राजस्थान, गुजरात, हरियाणा ही राज्ये घेण्यात आली. तंत्र आहे, माणसे आहेत, अनुभव आहे. महाराष्ट्राने आपल्या सर्वांत मोठ्या गाळाच्या जलधरासाठी त्यांची मागणी केली पाहिजे.

खर्चाचा आक्षेप त्यामानाने सहज निकाली निघतो. २०२१ च्या त्या कार्यक्रमासाठी दीड लाख चौरस किलोमीटरना १४१ कोटी रुपये असा अंदाज जाहीर झाला होता. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ९,४०० रुपये. तापी-पूर्णेच्या गाळाचे क्षेत्र ठोकळमानाने १५,००० चौरस किलोमीटर धरले, उड्डाणाच्या ओळी अधिक दाट घ्यायच्या म्हणून आणि त्यानंतर झालेल्या भाववाढीसाठी हा दर तिप्पट केला, तरी रक्कम ४२ कोटींच्या आसपास येते. १९,२४४ कोटींच्या प्रकल्पात ही रक्कम पाव टक्काही नाही. शोधविंधनाचा खर्च वेगळा धरला तरी हे गणित फार बदलत नाही, आणि एक कालवा चुकीच्या, चिकण थरावर नेला गेला तर होणारे नुकसान याच्या कित्येक पटींनी मोठे असेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जलधराचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला तर ज्याच्याकडे पैसा आहे तो उद्याच सर्वांत चांगल्या वाळूच्या थरावर रिग उभी करील, उपसा आणखी वाढेल आणि सर्वेक्षण पुनर्भरणाऐवजी लुटीच्या कामी येईल, अशी भीती अनेक अनुभवी भूजलतज्ज्ञांना आणि कार्यकर्त्यांना वाटते. ही भीती निराधार नाही. परंतु आजची स्थिती काय आहे, ते पाहू. सधन शेतकरी खासगीत यंत्र लावून पाणी बघून घेतोच. त्या मोजणीचा कागद त्याच्या घरात राहतो, आणि शेजाऱ्याला तिची बातमी स्वतःच्या विहिरीतले पाणी उतरल्यावर लागते. माहिती आजही वापरली जाते; फक्त ती ज्याला विकत घेता येते त्याच्यापुरती असते. लहान शेतकरी पाणाड्यावर किंवा गाडीवाल्याच्या अंदाजावर कर्ज काढून बोअर घेतो आणि कोरडे गेले तर कर्ज तेवढे उरते. नकाशा सार्वजनिक न करण्याने ही विषमता जशीच्या तशी राहते, आणि उपसाही थांबत नाही.

१८८२ च्या ईझमेंट्स कायद्यापासून आपल्याकडे जमीनमालक आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तसे काढू शकतो, असे मानले गेले. ही समजूत टिकून राहिली, कारण खालचे पाणी कोणाला दिसत नव्हते. एकच वाळूचा थर सात गावांखालून सलग जातो, तीन नाल्यांचे पाणी त्यालाच पोसते आणि वरच्या गावाचा उपसा खालच्या गावाची पातळी उतरवतो, हे ग्रामसभेत भिंतीवर लावलेल्या, जमीन उभी कापल्यासारखे थर दाखवणाऱ्या छेदचित्रात दिसू लागले म्हणजे गट नंबराच्या हद्दीवर मालकीचा दावा करणे अवघड होईल. अटल भूजल योजनेने जळगाव, बुलढाणा, अमरावतीसह राज्यातल्या १३ जिल्ह्यांत गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवले. त्या ताळेबंदात पावसाचा आकडा असतो, पिकांचा असतो. साठ्याचा आकडा मात्र सरासरी मानकावरून घेतलेला असतो. तो प्रत्यक्ष मोजणीवरून येऊ लागला तर गावाचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

उपशाच्या शर्यतीला आळा घालण्याचे साधन कायद्यात आहे, पण ते गाळाच्या खोऱ्यासाठी नीट बेतलेले नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरीला त्यात मनाई आहे. काळ्या पाषाणात ६० मीटर ही खोली पुष्कळ झाली. तापीच्या गाळात, जिथे थर ३०० मीटर खाली जातात, तिथे ती मर्यादा वरच्या थरांपुरतीच पोचते आणि प्रत्यक्षात पाळली जात नाही. पाळता न येणारा नियम सर्वांनाच नियम मोडायची सवय लावतो. थरांचा नकाशा हाती असेल तर राज्य भूजल प्राधिकरणाला प्रत्येक भागासाठी वेगळा, थराला धरून नियम करता येईल: या पट्ट्यात वरचा वाळूचा थर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी राखीव, त्या पट्ट्यात खालच्या थरात नवी ट्यूबवेल नाही, खाऱ्या-गोड्याच्या सीमेलगत अमुक अंतरात उपसा नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की नकाशा आणि संरक्षित क्षेत्रांची अधिसूचना एकाच दिवशी निघावी. नकाशा आधी आणि नियम चार वर्षांनी, असे झाले तर वर सांगितलेली भीती खरी ठरेल.

माहिती खुली ठेवण्याची शिस्त कशी असते, हे पाहण्यासाठी डेन्मार्ककडे बघावे. तिथे जवळजवळ सर्व पिण्याचे पाणी भूजलातून येते. १९९९ पासून त्यांनी देशाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राचे सूक्ष्म नकाशीकरण केले, त्याचा खर्च पाणी वापरणाऱ्यांच्या देयकातून काढला आणि भूभौतिकीय मोजणी सार्वजनिक कोठारात ठेवली. विहीर खोदणाऱ्याने थरांची नोंद शासनाला द्यावी हे बंधन तर तिथे १९२६ पासून आहे. कॅलिफोर्नियानेही २०१४ च्या भूजल कायद्यानंतर २०२१ ते २०२३ या काळात हवाई सर्वेक्षण करून मोजणी विनामूल्य खुली केली. आपल्याकडे एखादी रिग शेतात २०० मीटर खाली जाते, प्रत्येक थराचा नमुना वर येतो, तो बांधावर टाकला जातो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. भूगर्भाची ही माहिती शेतकऱ्याच्याच पैशाने मिळालेली असते. आपल्या २००९ च्या अधिनियमानुसार रिगधारकांची नोंदणी होतेच. त्या नोंदणीला प्रत्येक विवराची थरनोंद जोडणे बंधनकारक केले, तर हवाई नकाशाची पडताळणी हजारो ठिकाणी जवळपास फुकट होईल.

हा जलधर राज्याच्या सीमेवर थांबत नाही, हेही करारात उतरले पाहिजे. बऱ्हाणपूरला सतराव्या शतकाच्या आरंभी कुंडी भंडारा बांधणाऱ्यांनी सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणले. डोंगरापासून नदीपर्यंतच्या या प्रवाहाची जाण त्यांना होती. तोच पायथा रावेरमध्ये पुढे सरकतो. दोन राज्यांनी पाण्याची वाटणी टीएमसीत केली आहे. बऱ्हाणपूरकडे मुरलेले पाणी जमिनीखालून रावेरकडे किती येईल, की थेट नदीत उतरेल, याचा हिशेब सर्वेक्षण सीमेपलीकडे गेल्याशिवाय लागणार नाही. एकाच उड्डाण-आराखड्यात दोन्ही बाजू याव्यात आणि मोजणीवर दोन्ही राज्यांचा समान हक्क असावा.

क्रम म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. कालव्याची अंतिम रेषा आणि शाफ्टच्या जागा ठरण्याआधी, पाऊस संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत उड्डाण व्हावे. त्याच हंगामात पायथ्यापासून नदीपर्यंत काही रेषांवर शोधविंधन घेऊन मोजणीचा अर्थ लावावा. मोजणी मूळ रूपात संकेतस्थळावर ठेवावी आणि तिची मराठीतली, गावनिहाय छेदचित्रे ग्रामपंचायतींना द्यावीत. पुनर्भरण सुरू झाल्यानंतर पाच पावसाळ्यांनी त्याच रेषांवर पुन्हा उड्डाण करावे आणि खाऱ्या-गोड्याची सीमा कोठे होती आणि कोठे आली, हे त्याच नकाशावर दुसऱ्या रंगात दाखवावे. पुढच्या टप्प्याचा निधी त्या दुसऱ्या मोजणीनंतर मंजूर व्हावा.